मीराची प्रत ठरवताना

दिवाळीनंतर कोथरूडच्या आमच्या गच्चीवरून तिमिंगल तारकासमूह शोधण्यात माझ्या तीन रात्री गेल्या. फटाक्यांचा धूर, शेजारच्या इमारतीचा हॅलोजन, त्यात गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे. चौथ्या रात्री पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसले, तेव्हा कुठे १०×५० च्या दुर्बिणीत लालसर मीरा सापडला. (नावाचा अर्थ लॅटिनमध्ये 'अद्भुत'. आमच्या घरी मात्र त्याची मीराबाई झालीय.)

हा रूपविकारी, म्हणजे तेज बदलत राहणारा तारा. सुमारे ३३२ दिवसांत तिसऱ्या-चौथ्या प्रतीवरून नवव्या प्रतीपर्यंत उतरतो आणि पुन्हा चढतो. (प्रत म्हणजे तेजाचा आकडा; आकडा जितका मोठा, तितका तारा मंद.) उतरण्यापेक्षा चढतो लवकर. मला वाटायचं, फुगतो-आकसतो म्हणून उजेड बदलतो. तेवढंच नाही. तारा थंडावला की बाहेरच्या थरांत टायटॅनियम ऑक्साइड तयार होतं आणि दृश्य प्रकाश अडवतं. अवरक्तात फरक बराच कमी असतो.

प्रत ठरवायची ती शेजारच्या ताऱ्यांशी ताडून. नकाशावर त्यांच्यापाशी ३५, ४१ असे आकडे असतात. दशांशचिन्ह मुद्दाम गाळलेलं, नाहीतर तो ठिपकाही तारा वाटायचा. तिमिंगलातल्या गॅमा ताऱ्यापेक्षा (३५, म्हणजे ३.५) मंद, डेल्टापेक्षा (४१) तेजस्वी, मग मध्ये नेमका कुठे? दुर्बीण इकडून तिकडे फिरवून मान अवघडली. पहिल्या रात्री ३.६ लिहिलं, दोन दिवसांनी ३.८. चढत्या मीराची प्रत अशी उतरेल कशी?

वही बघून आमच्या आकाशनिरीक्षण गटातले काका हसले. "टक लावून बसली असशील. लाल तारा बघत राहिलं की उजळच दिसत जातो. नजर टाकायची, काढायची." आता तसंच करते, आणि मागचं पान क्लिपने बंद ठेवते. जुना आकडा दिसला की नवा आपोआप त्याच्याजवळ जातो.

नोंदी १९११ पासून हे काम करणाऱ्या अमेरिकेतल्या एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांच्या संस्थेकडे पाठवल्या. वेळ वैश्विक, म्हणजे ग्रिनिचची हवी होती, मी आपल्या घड्याळातली टाकली. ३३२ दिवसांच्या ताऱ्याला साडेपाच तासांनी काय होतंय, असा वाद घातला. मग काकांनी हिशेब मांडला. डिसेंबरातली माझी २३:३० ची नोंद म्हणजे पुण्यातले पहाटेचे पाच, आणि तेव्हा मीरा मावळलेला! अकरा नोंदी दुरुस्त केल्या.

एप्रिलमध्ये तो सूर्याजवळ गेला, मग पावसाळा. वहीची पानं कोरी राहिली. यंदा जानेवारीपासून मघेजवळचा आर लिओनिस हा असाच रूपविकारी ताराही घेतलाय. गच्चीची एक किल्ली आता माझ्याकडेच असते.