मायेचा डिंक

शेजारच्या आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. घर विकून मुलीकडे राहायला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी मला हाक मारली. "तुला जुनं वाचायचा नाद आहे ना, मग ये." अमेरिकेत, ईशान्य ओहायोमधलं त्यांचं लाकडी घर. जेवणाच्या टेबलावर तीन गोष्टी मांडलेल्या : बुटांचा एक खोका, एक जाडजूड अल्बम आणि चामडी बांधणीचं बायबल. अल्बम त्यांनी स्वतः केलेला, १९७५च्या आसपास, एक अख्खा हिवाळा खर्चून. खोक्याकडे मात्र कित्येक वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

आणि खोकाच धडधाकट निघाला.

१८३८चं एक पत्र उलगडलं. कागद अजून पांढरट, मऊ, कापडासारखा. कापडासारखा, कारण तो कापडाचाच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिकडे कागद चिंध्यांपासून होई. फाटके सदरे, जुन्या चादरी गिरणीत जात आणि त्यांची पत्रं होत. पुढे लाकडाचा लगदा आला, कागद स्वस्त झाला आणि स्वतःच्याच आम्लानं पिवळा पडून तुटू लागला. त्या १८३८च्या पत्राच्या घडीत कुणीतरी मोठ्या आपुलकीनं १९२०च्या दशकातलं वर्तमानपत्राचं कात्रण ठेवलं होतं, लिहिणारीच्या नातवाच्या मृत्यूचं. कात्रणाचा पापड झालेला आणि त्याची चौकोनी तपकिरी सावली पत्रावर कायमची उमटलेली. घराण्याला डाग लागणं म्हणतात ते मी प्रथमच असं प्रत्यक्ष पाहिलं.

पत्र आजींच्या खापरपणजीनं कनेक्टिकटला गेलेल्या नवऱ्याला लिहिलेलं. आडव्या ओळी संपल्यावर कागद फिरवून त्याच ओळींवरून उभं लिहिलंय, नुसती जाळी! १८४५पर्यंत अमेरिकेत टपालाचा खर्च कागद किती आणि अंतर किती यावर ठरे. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरत. म्हणून पत्रच घडी घालून बंद करायचं आणि एकाच कागदात सगळं कोंबायचं. डोळे रोखून बसलं की थोड्या वेळानं उभं अक्षर आडव्यातून सुटून वर येतं. गाय व्याली. सफरचंदं वाळत घातली. धाकटीला ताप आहे, दोन वर्षांची पोर, काही खात नाही. पुढे काय झालं ते आडव्यात नाही, उभ्यातही नाही. पुढची पत्रंच नाहीत.

बायबलचीही एक भानगड होती. जुन्या आणि नव्या करारांच्या मधल्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहायची या लोकांची रीत. इथे त्यातलं एक पान फाडलेलं. घरात पिढ्यानपिढ्या समज असा, की कुण्या आत्यानं वय लपवायला ते फाडलं. बिचारी आत्या! मला वेगळीच शंका आली. १८३६नंतर अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या बऱ्याच विधवांना पेन्शन खुली झाली, पण लग्नाचा पुरावा हवा. दाखले कुठून आणणार? लोकांनी बायबलची पानं फाडून वॉशिंग्टनला पाठवली आणि ती अर्जांसोबत तिथल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात अजून आहेत. त्या अर्जांच्या प्रतिमा आता घरबसल्या पाहता येतात. दोन संध्याकाळी शोधल्यावर आजींचं पान स्क्रीनवर आलं, फाटकी कड अगदी जुळणारी. घरच्या पानांवर तळघरातल्या ओलीची बुरशी. परक्यांच्या हवाली केलेलं पान स्वच्छ.

आमचंही तसंच म्हणा. घरात आजोबांच्या हातचं चिटोरं नाही, पण त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत त्यांची सही आहे. अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळी संस्थेनं आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीही मायक्रोफिल्म करून ठेवली आहे, हे सांगितल्यावर आजी पाच मिनिटं हसत होत्या.

मग अल्बम. त्या काळी 'मॅग्नेटिक' म्हणून विकायचे तो प्रकार. लोहचुंबक वगैरे काही नाही, पुठ्ठ्यावर डिंकाच्या रेघा आणि वर प्लॅस्टिकचा पडदा. पन्नास वर्षांत डिंक पिवळा होऊन फोटोंच्या पाठीत मुरला होता. सोडवायला उपाय घरगुतीच : दात साफ करायचा दोरा फोटोखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढायचा. मी हौसेनं पांढरे हातमोजे आणले होते. पत्रांना ते नकोत, बोटांना अंदाज येत नाही आणि कडा फाटतात. तिथे धुऊन कोरडे केलेले हात बरे. फोटोंना मात्र हातमोजे हवेत. दिवसभरात साठेक फोटो सुटले, तीनांचे कोपरे गेले. आजी काही बोलल्या नाहीत, पण प्रत्येक कोपऱ्याला त्यांचे ओठ घट्ट मिटायचे.

सुटलेल्या फोटोंच्या मागे मी मऊ पेन्सिलीनं, कडेला, न दाबता नावं लिहू लागले. आजी सांगत होत्या. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या पुठ्ठ्यावरच्या एका फोटोपाशी गाडी अडली. खुर्चीत म्हातारी, मागे उभी एक बाई. पाठीवर महसुली तिकीट चिकटवलेलं, म्हणजे १८६४ ते १८६६मधला. यादवी युद्धाच्या खर्चापायी तेव्हा फोटोंवर कर होता. आणि तिकिटाखाली फिकट शाईत दोनच शब्द : "आई, मी".

मी कोण? आजींना आठवेना. मी पेन्सिल खाली ठेवली.

"अल्बम कुठंय?" आजी एकदम म्हणाल्या. तो मी कचऱ्याच्या पिशवीशेजारी ठेवला होता. फोटो सोडवण्याआधी पानांचे फोटो काढून ठेवायला हवे होते, हे तेव्हा सुचलं. त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. जिथे फोटो होते तिथे फिकट चौकोन, आणि प्रत्येक चौकोनाखाली त्यांचंच पन्नास वर्षांपूर्वीचं गोल अक्षर, त्यांच्या आईला विचारून विचारून लिहिलेलं. नवव्या पानावर छोटा चौकोन सापडला. मी फोटो त्यावर धरला, बरोबर बसला. खाली लिहिलं होतं : "माझी पणजी, तिच्या आईबरोबर. पणजी घरात सगळ्यात धाकटी, जन्म १८३६."

आजींनी पत्र पुन्हा जवळ ओढलं. बोटांवर वर्षं मोजली.

"उतरला म्हणजे ताप," त्या म्हणाल्या.