कूपर्सटाउनच्या भिंतीवर नसलेला शॉर्टस्टॉप

बाल्टिमोरहून गाडीने कूपर्सटाउनला, म्हणजे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम असलेल्या गावाला निघालं की सस्क्वेहॅना नदी वाटेत पुन्हा पुन्हा भेटत राहते. हॅरिसबर्गला ती ऐसपैस पसरलेली, उथळ, पात्रातले खडक उघडे पडलेले. बिंगहॅम्टन मागे टाकून ८८ नंबरचा हायवे धरला की डोंगरांमधल्या खोऱ्यात ती शेजारून वाहू लागते, आणि कूपर्सटाउनला ऑटसेगो तलावातून बाहेर पडते तिथे तर एखाद्या ओढ्याएवढीच दिसते. हे पाणी शेवटी चेसापीकच्या उपसागराला, म्हणजे बाल्टिमोरच्याच दारात जाऊन मिळतं.

गाडीत आम्ही तिघं होतो. मी, बाल्टिमोरला स्थायिक झालेला माझा मावसभाऊ आणि त्याचे शेजारी. शेजारी अमेरिकन, सत्तरी ओलांडलेले. आम्ही आपसांत त्यांना आजोबाच म्हणतो. ते लहानपणापासून बाल्टिमोरच्या ओरिओल्स संघाचे चाहते. मी सेंट लुईसला आलो तेव्हा शॉर्टस्टॉप ऑझी स्मिथच्या कारकिर्दीची अखेरची वर्षं चालू होती आणि तिथल्या कार्डिनल्स संघाच्या मैदानावर त्याला डोळ्यांनी पाहिल्यामुळे मला बेसबॉलचं वेड लागलं. त्यामुळे इतिहासातला सर्वांत मोठा बचावात्मक शॉर्टस्टॉप कोण, हा विषय यॉर्कच्या आधीच निघाला.

बेसबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडं सांगतो. बेस म्हणजे फलंदाजाने एकामागून एक धावत गाठायची ठिकाणं. शॉर्टस्टॉप हा क्षेत्ररक्षक दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा असतो. उजव्या हाताने खेळणारे फलंदाज जास्त, आणि त्यांचा जोरदार फटका साहजिकच त्या बाजूला जातो. चेंडू मारल्यापासून फलंदाजाला पहिला बेस गाठायला सव्वाचार सेकंद, फार तर साडेचार. तेवढ्यात शॉर्टस्टॉपने धावायचं, वाकायचं, उचलायचं आणि मैदानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकायचं. त्यातही चेंडू तिसऱ्या बेसच्या बाजूला खोल गेला, की शरीर एकीकडे चाललेलं आणि थ्रो दुसरीकडे करायचा. हात क्षणभर चाचपडला तरी धावणारा बेसवर पोहोचलेला असतो.

ऑझीने यातलं काय केलं नाही! २० एप्रिल १९७८, सॅन डिएगो. मोठ्या लीगमधला त्याचा पहिला हंगाम सॅन डिएगोच्या संघाकडून नुकता सुरू झालेला. अटलांटाच्या जेफ बरोजने मधोमध फटका मारला. ऑझीने डावीकडे सूर मारला आणि तो हवेत असतानाच चेंडूने वाईट टप्पा घेतला, मागे उसळला. ग्लव्ह घातलेला हात पुढे गेलेला. त्याने उजवा, उघडा हात मागे नेऊन चेंडू पकडला, आपटला, त्याच झोकात उठला आणि पहिल्या बेसकडे फेकला. बरोज बाद. ही चित्रफीत मी असंख्य वेळा पाहिली आहे आणि दर वेळी माझी नजर त्या उघड्या हातावरच खिळते. विचार करायला तिथे वेळच नव्हता.

पुढे १९८० मध्ये त्याने एका हंगामात ६२१ असिस्ट केले, म्हणजे तितक्या वेळा चेंडू फेकून गडी बाद करायला मदत केली. शॉर्टस्टॉपचा तो विक्रम अजून टिकून आहे. १९८० ते १९९२ सलग तेरा गोल्ड ग्लव्ह, म्हणजे आपल्या जागेवरच्या सर्वोत्तम क्षेत्ररक्षकाला दर वर्षी मिळणारा पुरस्कार. सेंट लुईसला स्टेडियमबाहेर त्याचा पुतळा आहे, तोही हवेत आडवा झेपावलेला.

आजोबा शांतपणे ऐकत होते. बिंगहॅम्टनजवळ कॉफीला थांबलो तेव्हा म्हणाले, "तुमचा माणूस सूर मारायचा. आमच्या बेलँजरला सूर मारावा लागत नसे. चेंडू यायच्या आधीच तो तिथे असायचा."

मार्क बेलँजर. १९६५ ते १९८१ बाल्टिमोरला. उंच, काडीसारखा बारीक. आठ गोल्ड ग्लव्ह. फलंदाजीची सरासरी ०.२२८, आख्ख्या कारकिर्दीत २० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके). १९७१ मध्ये ओरिओल्सच्या चार पिचर्सनी (गोलंदाजांनी) प्रत्येकी वीस सामने जिंकले तेव्हा त्यांच्या मागे शॉर्टस्टॉपला हाच होता. मॅनेजर अर्ल वीव्हरला त्याचा ग्लव्ह हवा असायचा आणि बॅट नको असायची. १९७५ च्या सप्टेंबरात तर परगावच्या काही सामन्यांत, जिथे पाहुणा संघ आधी फलंदाजी करतो, वीव्हरने रॉयल स्टिलमन नावाच्या फलंदाजाला कागदावर शॉर्टस्टॉप म्हणून पहिल्या क्रमांकावर खेळवलं आणि फिल्डिंगची पाळी आल्याबरोबर त्याच्या जागी बेलँजरला उतरवलं. आजोबांनी हे सांगितलं तेव्हा मला एकनाथ सोलकर आठवला. २७ कसोटींत ५३ झेल, आणि तरी त्याचं मोल धावफलकावरून कुणाला कळणार?

कूपर्सटाउन हे दोन हजारही वस्ती नसलेलं गाव. मेन स्ट्रीटवर लाल विटांचं हॉल ऑफ फेम, १९३९ मध्ये उघडलेलं. वरचे मजले बघण्यासारखे आहेत, त्यातही जुने ग्लव्ह. बोटांमध्ये जाळी नाही, गादी नावाला. तळहाताहून जरासेच मोठे. असल्या ग्लव्हने विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा शॉर्टस्टॉप होनस वॅग्नर खडबडीत मैदानांवर खेळला. त्या कपाटापुढे उभं राहिल्यावर आजच्या आकड्यांनी त्याला मोजावंसं वाटेना.

निवडलेल्या खेळाडूंच्या पाट्या भिंतीवर लावलेल्या दालनात मात्र आम्ही तास-दीड तास रेंगाळलो. मारकाइबोचा लुईस अपारिसिओ, नऊ गोल्ड ग्लव्ह, जन्मभर शॉर्टस्टॉपखेरीज दुसऱ्या जागी उभा न राहिलेला. निग्रो लीगचे, म्हणजे कृष्णवर्णीयांना मोठ्या लीगमध्ये प्रवेश नव्हता तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या स्पर्धांतले पॉप लॉइड आणि विली वेल्स, ज्यांचे हिशोब धड कुणी लिहून ठेवले नाहीत. या वादात त्यांची नावं मागे पडतात ती केवळ त्यामुळे. सव्वासहा फुटांहून उंच, ओरिओल्सचा कॅल रिपकेन, ज्याने १९९० च्या हंगामात फक्त तीन चुका केल्या. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाची टोपी घातलेला एक तरुण त्यांचा शॉर्टस्टॉप डेरेक जीटर याच्या पाटीचा फोटो काढत होता. आमचं बोलणं ऐकून म्हणाला, "जीटरला पाच गोल्ड ग्लव्ह आहेत." आजोबांनी त्याला प्रेमाने समजावलं, की हातात आलेला चेंडू जीटर सोडत नसे, पण किती चेंडू त्याच्या हातापर्यंत पोहोचतच नसत ते बघ. मला हे पूर्ण पटतं. चुका मोजणं सोपं असतं. न पोहोचलेला चेंडू कुणाच्याच नावावर लिहिला जात नाही.

पोहोच मोजण्याच्या नव्या पद्धतींनी जुना खेळही तपासला गेला आहे. वाचवलेल्या धावांच्या एका हिशोबात ऑझी आणि बेलँजर दोघंही २४० च्या आसपास येतात. ऑझी शॉर्टस्टॉपला अडीच हजार सामने खेळला, बेलँजर दोन हजारांच्या आत. म्हणजे सामन्यामागे बेलँजर वरचढ! हा हिशोब मावसभावाने फोनवर काढून दाखवला, तेव्हा आजोबा इतके खुलले की सुरक्षारक्षकाने वळून पाहिलं.

तरीही माझं मत ऑझीलाच. बेलँजरच्या उजव्या हाताला तिसऱ्या बेसवर बरीच वर्षं ब्रूक्स रॉबिन्सन होता; तो मधली फट आपली आपण बुजवायचा, त्यामुळे बेलँजरला दुसऱ्या बेसकडे सरकून उभं राहता यायचं. ऑझीला अशी सोबत नव्हती. सेंट लुईसला तेव्हा कृत्रिम गवत होतं. त्यावर टप्पा सरळ येतो हे खरं, पण चेंडू सुसाट येतो, म्हणून मागे खोल उभं राहावं लागतं आणि थ्रो लांबतो. ऑझीचा हात तोफेसारखा कधीच नव्हता. चेंडू ग्लव्हमधून काढून हातातून सुटेपर्यंतचा वेळ त्याने इतका कमी केला, की ताकदीची उणीव भासली नाही. आणि हे सगळं चाळिशीपर्यंत.

आजोबांना हे मान्य झालं नाही, होणारही नाही. पण एका गोष्टीवर आमचं तिघांचंही एकमत झालं. २००२ मध्ये हॉल ऑफ फेमच्या मतदानात ऑझीला पहिल्याच वर्षी ९१.७ टक्के मतं मिळाली आणि तो निवडला गेला. बेलँजर यादीत आला आणि पहिल्याच फेरीत पाच टक्क्यांखाली राहून बाद झाला. तो १९९८ मध्ये वारला. वाचवलेली धाव आणि काढलेली धाव सामन्यात सारखीच मोजली जाते, मग या भिंतीवर का नाही? १९८० पूर्वीच्या खेळाडूंचा विचार करणारी समिती २०२७ च्या डिसेंबरात पुन्हा बसेल. तिच्यापुढच्या नावांत मार्क बेलँजर असावा असं मला मनापासून वाटतं, आणि तो निवडला गेला तर आजोबांना घेऊन आम्ही त्या समारंभाला जाणार, हे गाडीतच ठरलं आहे.