त्यांचा विश्वास पाहून

रविवार, रात्री

आज चर्चच्या उपासनेत बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायाचं वाचन होतं. कफर्णहूमातल्या घराचं छप्पर उकरून चौघांनी पक्षघाती माणसाला येशूपुढे खाली सोडलं, तो भाग. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकताना माझं सगळं लक्ष शेवटाकडे असायचं, तो उठून बाज उचलतो तिकडे. आता मी आधीच्या ओळीवरच थांबतो. येशूनं त्यांचा, म्हणजे त्या चौघांचा, विश्वास पाहिला, असं मार्क लिहितो. बाजेवरचा माणूस स्वतः प्रार्थना करत होता का, याबद्दल एक शब्द नाही.

अपघातानंतर कित्येक महिने मी करत नव्हतो. मोटारसायकल घसरली, कमरेचा मणका चुरला, मज्जारज्जूला इजा झाली. पाय जातात ते लोकांना दिसतं. लघवी-संडासची जाणीवही जाते, ते दिसत नाही. दर चार-सहा तासांनी नळी घालून लघवी काढावी लागते. अंथरुणात दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, कारण दबलेल्या कातडीला जखम होते आणि दुखत नसल्यामुळे ती कळतच नाही. एकट्या आईला हे झेपणारं नव्हतं.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या तरुण संघानं रात्री वाटून घेतल्या. एक जण एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून थेट आमच्याकडे यायचा, गजर झाला की उठून मला वळवायचा, गुडघ्यांमध्ये उशी ठेवायचा, टाचा लाल झाल्यात का ते टॉर्चनं बघायचा. बोलायचा फार कमी. माझ्यासाठी झालेल्या प्रार्थनांमध्ये मी त्या टॉर्चला फार वरची जागा देतो. शेजारच्या काकू आमच्या मंडळीतल्या नाहीत, पण गुरुवारचा उपास असतानाही त्यांचा डबा चुकला नाही.

काही पाहुणे मला बरं करायलाही आले. तेल लावलं, मोठ्यानं प्रार्थना केली आणि जाताना आईला म्हणाले, घरात विश्वास कमी पडतोय. आई त्या रात्री जेवली नाही. याचा मला अजून राग येतो, आणि तो योग्यच आहे असं मी मानतो.

नंतर आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. त्यांनी बायबलमधलं ८८ वं स्तोत्र वाचलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात; हे अंधारातच संपतं. “हेही पवित्र शास्त्रातच आहे बरं का,” एवढं म्हणून ते बराच वेळ बसून राहिले. मला पुन्हा देवाशी बोलता आलं ते त्या स्तोत्रापासून.

चर्चच्या पायऱ्या दीड फूट उंच. माझ्या चाकाच्या खुर्चीसाठी, फूटभर उंचीला बारा फूट लांबी या हिशेबानं, रॅम्प अठरा फुटांचा होतो. त्यासाठी जुन्या दगडी पायऱ्यांची एक बाजू फोडावी लागणार होती, आणि त्याच पायऱ्यांवर कितीतरी घरांतल्या लग्नांचे फोटो निघालेले. कमिटीत वाद झाला, पण पायऱ्या फुटल्या. हीच गोष्ट सांगताना लूक आपल्या शुभवर्तमानात म्हणतो, त्या चौघांनी कौलं काढली. ज्याची कौलं निघाली त्या घरमालकाचं नाव कुठेच नाही. आज वाचन ऐकताना मी त्याच्यासाठीही उपकार मानले.

आता गुडघे दुखणाऱ्या आज्या रॅम्पनंच येतात. संडासाचं दार मात्र दोन फुटी आहे आणि माझी खुर्ची सव्वीस इंची. पुढच्या बैठकीत तो विषय मी मांडणार आहे.