येताना विमान लवकर का येतं?

आईने विमान आतून कधी पाहिलेलं नाही. डिचोलीतल्या आमच्या अंगणातून दिसतं तेवढंच, पोटाकडून. पण नात लंडनला गेल्यापासून हिशेब तिच्याकडे असतो.

२०२३ च्या डिसेंबरात लेक थेट विमानाने गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरली आणि जानेवारीत परत गेली. दोन्ही वेळा आईने घड्याळासमोर बसून पेरांवर तास मोजले. येताना सव्वानऊ, जाताना दहा. रस्ता तोच, मग पाऊण तास कुठे गेला? उत्तरही तिनेच देऊन टाकलं, "घरा येतना पांय बेगीन पडटात गो." आमची म्हैसही चरून परतताना अशीच धावायची म्हणे.

शेजारचे भाई म्हणाले, ही पृथ्वीच्या फिरण्याची करामत. मी म्हटलं, भाई, पृथ्वी फिरते पूर्वेकडे. तुमचं खरं धरलं तर पश्चिमेला जाणंच सोपं. गोव्यावर विमान नुसतं अधांतरी थांबवायचं, पाच तासांत लंडनचं रेखावृत्त आपोआप खाली येईल, इंधनही वाचेल! तसं होत नाही, कारण पृथ्वीबरोबर हवाही फिरते.

खरा फरक वाऱ्याचा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम. हिवाळ्यात त्याचा जोर जास्त, कधी ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. येताना तो पाठीशी, जाताना तोंडावर. होडीवाल्याला हे सांगावं लागत नाही.

गोवा ते लंडन सरळ अंतर साधारण ७,५७० किलोमीटर. विमान ताशी नऊशेने उडतं असं धरलं तर साडेआठ तासांत पोचायला हवं. पण तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हललं की सुरू होते आणि तिकडे जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंतचं रांगणं, चढणं, उतरणं सगळं त्यातच. शिवाय 'सरळ' हे कागदावर. सरळ रेघ अरबी समुद्रावरून पाकिस्तानातल्या मकरानच्या किनाऱ्याला लागते, तेहरानच्या जवळून काळ्या समुद्रावर येते आणि क्रिमिया, युक्रेनवरून पुढे जाते. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनचं आकाश नागरी विमानांना बंद. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना वाट बंद केली. म्हणजे वळसे आलेच.

आईला यातलं वाऱ्याचं पटलं. युद्धाचं ऐकून ती नुसतीच "शिव शिव" म्हणाली. तिचं खरं भांडण तिकिटाशी होतं. दुपारी एकला सुटून पोर संध्याकाळी साडेपाचला पोचते, म्हणजे साडेचारच तास, मग दहा कसले सांगता? तिकडचं घड्याळ साडेपाच तास मागे असतं, हे मी तांदूळ निवडता निवडता तीनदा समजावलं.

कुठे तिच्या गळी उतरलं, तर मार्चचा शेवटचा रविवार आला. तिकडची घड्याळं तासभर पुढे गेली, फरक साडेचारवर आला.

"म्हणजे पोर तासभर लागीं आली?"

मी म्हटलं, हो, जवळ आली. लेकीचा जेवणाच्या सुट्टीतला फोन आता सातऐवजी सहाला येतो, आई दिव्याची वात वळत असते तेव्हा.