अंक शाबूत, अक्षरं बिघडलेली: यूआर्ट ड्रायव्हरची नोंद

मंडळी, लायब्ररी बाजूला ठेवून एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरचा यूआर्ट (तारेवरून एकेक बिट पाठवणारा-घेणारा भाग) थेट रजिस्टरांवरून (चिपमधल्या नियंत्रणाच्या खणांवरून) चालवायचा, असं ठरवून बसलो होतो. तीन आठवडे गेले. आता चालतोय. पण मध्ये तीन वेळा असा कचरा हाती आला की त्यावरच ही नोंद लिहावीशी वाटली. कारण तिन्ही वेळा काय बिघडलंय ते त्या कचऱ्यातच लिहिलेलं होतं, मीच नीट वाचत नव्हतो.

बोर्ड साधा आहे. चिप, डीएस१८बी२० तापमान सेन्सर आणि पुढे आरएस-४८५ (एका जोडीवर चालणारी सामायिक बस) चा ट्रान्सीव्हर, म्हणजे पाठवणारी-घेणारी चिप. क्रिस्टल (अचूक घड्याळ देणारा बाहेरचा भाग) मुद्दाम लावला नाही. आतला ८ मेगाहर्ट्झचा आरसी ऑसिलेटर आहेच, दोन पिना मोकळ्या राहतात, असा हिशोब. या दोन पिनांनी पुढे चार संध्याकाळी खाल्ल्या.

सुरुवातीची गिचमिड लगेच सुटली. नवी चिप येते तेव्हा सीकेडिव्ह८ फ्यूज (वीज गेली तरी टिकणारी सेटिंग) चालू असतो, म्हणजे ८ मेगाहर्ट्झला ८ ने भागून चिप १ वर पळते. माझा कोड ८ धरून चाललेला. टर्मिनल (आलेले बाइट संगणकावर दाखवणारा प्रोग्रॅम) ९६०० बॉडवरून, म्हणजे सेकंदाला तितक्या बिटांवरून, १२०० वर आणलं आणि मजकूर स्वच्छ दिसला. फ्यूज बदलला, विषय संपला. (नवी चिप आणि पहिल्याच दिवशी गिचमिड, असं झालं तर आधी बॉड रेट ८ ने भागून बघा. बाकीचं नंतर.)

डी४ कुठून आला

खरी गंमत इथून पुढे. बोर्ड दर सेकंदाला एक ओळ पाठवतो: टी हे इंग्रजी अक्षर, मग बरोबरचं चिन्ह, मग २४.५, शेवटी सी. टर्मिनलवर बरोबरचं चिन्ह येत होतं, २४.५ येत होतं, टिंबसुद्धा जागेवर. फक्त टी आणि सी यांच्या जागी भलतीच चिन्हं. दर ओळीत तेच, न चुकता.

पहिला संशय माझ्या स्ट्रिंगवर. मग पॉइंटरवर. मग वायरवर, कारण वायरवर संशय घेणं नेहमीच सोपं. पण वायर सैल असती तर तिने फक्त अक्षरंच कशाला बिघडवली असती? अंकांशी तिचं काय सख्य?

शेवटी टर्मिनल हेक्समध्ये (सोळाच्या पायातल्या आकड्यांत) टाकलं. टी म्हणजे ५४, आला डी४. सी म्हणजे ४३, आला सी३. बायनरीत मांडलं तेव्हा डोळे उघडले: ०१०१०१०० च्या जागी ११०१०१००. फक्त सर्वांत वरचा बिट बदललेला, बाकी सात जसेच्या तसे.

आता यूआर्टची चौकट आठवा. रेषा रिकामी असताना हाय असते. स्टार्ट बिट लो, मग डेटाचे आठ बिट, खालचा आधी, वरचा शेवटी, मग स्टॉप बिट हाय. घड्याळाची वेगळी तार नाही. घेणारा फक्त स्टार्ट बिटची उतरती कड पकडतो आणि तिथून स्वतःच्या घड्याळाने मोजत प्रत्येक बिटच्या मध्यावर डोकावतो. म्हणजे दोन घड्याळांत फरक असेल तर तो बिटागणिक साचत जातो, आणि सर्वांत जास्त फटका शेवटच्यांना बसतो: वरचा डेटा बिट आणि स्टॉप बिट.

लॉजिक ॲनालायझर (तारेवरच्या ०-१ ची वेळ मोजणारं यंत्र) लावला. ९६०० ला एक बिट १०४ मायक्रोसेकंदांचा हवा, माझा भरला १११. म्हणजे चिप ८ नव्हे, साधारण ७.५ मेगाहर्ट्झवर पळतेय, सव्वासहा टक्के हळू. कागदावर हिशोब केला. घेणारा वरच्या बिटाचा मध्य म्हणून आठ पूर्णांक पाच बिटांच्या वेळी बघतो. माझ्या संथ बोर्डाच्या हिशोबाने तेव्हा ७.९७ बिटच झालेले असतात. म्हणजे तो अजून सातव्या डेटा बिटावरच आहे! वरचा बिट म्हणून सातव्याचीच नक्कल उचलली जाते. इंग्रजी अक्षरांत सातवा बिट १ असतो, अंक आणि विरामचिन्हांत ०. म्हणून अंक शाबूत आणि अक्षरं बिघडलेली. घड्याळ आणखी अर्धा टक्का हळू असतं तर सातव्याच्या जागी सहावा वाचला गेला असता आणि अंकही गेले असते. मग मी अजून वायरच हलवत बसलो असतो.

एक पोटप्रश्न: अशा वेळी फ्रेम एरर (स्टॉप बिटच्या जागी हाय न सापडल्याची खूण) यायला नको का? येतोच. स्टॉप बिटच्या वेळी वरचा डेटा बिट वाचला जातो, इंग्रजीत तो कायम ०, म्हणून दर बाइटला फ्रेम एरर. पण माझं टर्मिनल त्याबद्दल चकार शब्द काढत नाही, जे आलं ते छापून मोकळं. गंमत म्हणून त्याच बिघडलेल्या घड्याळावर देवनागरी "नमस्ते" पाठवून पाहिलं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा वरचा बिट १ असतो, त्यामुळे स्टॉपच्या जागी १ च सापडतो आणि फ्रेम एरर एकही नाही. मजकूर मात्र पार गेलेला. "न" चे तीन बाइट ई०, ए४, ए८. त्यातला पहिला वाचला, ए४ चा झाला डॉलर आणि ए८ चा उघडा कंस. फ्रेम एररचा झेंडा (फ्लॅग बिट) खाली आहे म्हणून डेटा बरोबर, असं धरून चालायचं नाही, हे मराठीने शिकवलं.

चूक चिपची नाही. डेटाशीट स्पष्ट सांगतं की कारखान्यातलं कॅलिब्रेशन ३ व्होल्ट आणि २५ अंशांना, तेही १० टक्के इकडेतिकडे. आणि आठ डेटा बिटांसाठी चालेल अशी चूक सांगितली आहे २ टक्के. दोन्ही आकडे एकाच पुस्तकात, मी शेजारी ठेवून कधी पाहिले नव्हते.

उपाय ऑसकॅल रजिस्टर, आतल्या ऑसिलेटरचा वेग कमीजास्त करणारं. बोर्डाला सतत यू अक्षर पाठवायला लावलं. यू म्हणजे हेक्स ५५, स्टार्ट-स्टॉप धरून एकाआड एक ०-१, म्हणजे तारेवर सरळ चौकोनी लहर, मोजायला सोपी. ऑसकॅल एकेका पायरीने चढवत १०४ वर आणलं आणि ती किंमत ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवली. चालू होताना तिथून उचलायची. एकदम मोठी उडी मारू नका, आणि ८.८ मेगाहर्ट्झच्या वर नेऊ नका, तिथे फ्लॅश आणि ईईप्रॉम लिहिताना दगा होऊ शकतो.

कुणी म्हणेल, सरळ क्रिस्टल लाव की. खरं आहे, पण १६ चा लावला तरी ११५२०० ला तो नीट भागत नाही. साध्या मोडमध्ये मिळतात १११,१११, म्हणजे साडेतीन टक्के कमी. दुप्पट वेगाचा यू२एक्स बिट लावला तर ११७,६४७, दोन टक्क्यांहून थोडं जास्त. १४.७४५६ असा विचित्र आकडा बाजारात आहे तो त्यासाठीच, तो ११५२०० च्या बरोबर १२८ पट. ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलरवर शिकलेल्यांना ११.०५९२ आठवत असेल, ९६ पट. टीएच१ या टायमरच्या रजिस्टरमध्ये हेक्स एफडी भरायचा आणि ९६०० मिळवायचे. का, ते तेव्हा कुणी विचारलं नाही.

शेवटचा बाइट गिळणारी बस

आरएस-४८५ वर एकाच जोडीवर बोलायचं आणि ऐकायचं, त्यामुळे पाठवून झालं की ट्रान्सीव्हरची डीई पिन (ती वर असेपर्यंतच तो बसवर बोलतो) खाली आणायची. माझा शेवटचा बाइट, न्यूलाइन, दर वेळी गायब. पलीकडचा बोर्ड ओळ संपण्याची वाट बघत बसलेला.

मी यूडीआरई झेंडा बघून डीई खाली आणत होतो. तो झेंडा सांगतो की यूडीआर (बाइट ज्यात टाकायचा आणि ज्यातून वाचायचा ते रजिस्टर) रिकामं झालं, पुढचा बाइट टाका. बाइट तारेवरून गेला असं तो म्हणतच नाही, तो नुकताच शिफ्ट रजिस्टरमध्ये (जिथून बिट एकेक करून तारेवर जातात) शिरलेला असतो. हवा होता टीएक्ससी, जो शेवटचा स्टॉप बिट गेल्यावर उठतो. आणि टीएक्ससी आपोआप उतरतो तो फक्त त्याच्या इंटरप्टमध्ये (चालू काम थांबवून चिप जो कोड चालवते त्यात). नुसता तपासत बसायचं असेल तर पाठवण्याआधी त्यात १ लिहून तो उतरवावा लागतो, नाहीतर मागच्याच फेरीचा झेंडा बघून आपण खूश. १ लिहून शून्य करायचं, या पद्धतीशी माझं अजून जमलेलं नाही.

हरवणारे बाइट

बस ३८४०० वर नेली (८ मेगाहर्ट्झला बॉड ठरवणारं रजिस्टर यूबीआरआर १२, चूक ०.१६ टक्के) आणि अधूनमधून बाइट गळू लागले. आलेले बाइट ठेवायला ६४ बाइटांचा रिंग बफर (गोल रांग) आहे, तो कधी अर्धाही भरत नव्हता. म्हणून चुका मोजायला काउंटर घातले. सगळे शून्य! कारण मी आधी यूडीआर वाचत होतो आणि मग स्टेटस. यूडीआर वाचला की रांग पुढे सरकते आणि त्या बाइटचे झेंडेही जातात. क्रम उलटा केला तसा ओव्हररन (जागा नसल्याने बाइट हरवणं) मोजला जाऊ लागला, दर सेकंदाला एखादा.

दर सेकंदाला बोर्ड आणखी काय करतो? तापमान वाचतो. या चिपकडे दोन बाइटांची रांग आणि वर शिफ्ट रजिस्टर एवढीच उशी. ३८४०० ला एक बाइट २६० मायक्रोसेकंदांचा, म्हणजे इंटरप्ट ५२० च्या आत चालला नाही की चौथ्या बाइटचा स्टार्ट बिट येतो आणि घोळ. आणि डीएस१८बी२० च्या रीसेटला मी इंटरप्ट बंद करून पूर्ण ९६० मायक्रोसेकंद बसत होतो: ४८० रेषा लो धरायला, ४८० सेन्सरची हजेरी घ्यायला.

त्या ४८० ला इंटरप्ट बंद करायची गरजच नाही, ते किमान आहेत, मध्ये इंटरप्ट घुसून थोडे वाढले तरी सेन्सरला फरक पडत नाही. रेषा सोडल्यापासून हजेरी बघेपर्यंतचे ७० मायक्रोसेकंद तेवढे जपायचे. वाचन-लेखनाच्या स्लॉटलाही एकेका बिटापुरतंच बंद करायचं.

काल रात्रभर चालवलं. सकाळी फ्रेम एरर ०, ओव्हररन ०. आज बसवर दुसरा बोर्ड जोडला, तोच कोड, त्याच जातीची चिप, ऑसकॅलला अजून हात लावलेला नाही. यू पाठवून मोजलं: बिट १०१ मायक्रोसेकंद. हा तीन टक्के घाईत आहे.