तुम्ही विचारलंत म्हणून: पोलीस ठाण्यात मारहाण झाली तर पुढे काय होतं?

इंदुरात फौजदारी वकिली करणाऱ्याला रामबागेत, लोकमान्य नगरात, लग्नकार्यातसुद्धा हा प्रश्न गाठतो: "अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडला मारणाऱ्या पोलिसाला शिक्षा झाली, मग आपल्याकडे कोठडीत मारणारे का सुटतात?" पुष्कळदा त्यामागे दुसराच प्रश्न असतो. ओळखीच्या कोणाला तरी ठाण्यात नेलेलं असतं आणि आता काय करायचं हे विचारायचं असतं. दोन्हींचं उत्तर एकच आहे.

मिनियापोलिसमध्ये 25 मे 2020 ला फ्लॉइड हा कृष्णवर्णीय माणूस मेला, तेव्हा पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याची प्रकृती बिघडल्याचं म्हटलं होतं. पोलिसाने त्याच्या मानेवर दाबून धरलेल्या गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. एका मुलीने मोबाइलवर घेतलेलं चित्रण बाहेर आलं, चार दिवसांत अधिकाऱ्याला अटक झाली आणि 2021 मध्ये साडेबावीस वर्षांची शिक्षा. हे शक्य झालं, कारण सगळं भर रस्त्यात घडलं. आपल्याकडे मार बसतो तो ठाण्याच्या आत, आणि पाहणारे त्याच ठाण्याचे लोक. मध्य प्रदेशातल्याच रामपुरा ठाण्यात 1981 मध्ये एका बंजारा माणसाचा मृत्यू झाला होता. त्या खटल्याचा निकाल देताना 1995 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलं, की सहकारी एकमेकांना सांभाळून घेतात, त्यामुळे कोठडीतल्या मारहाणीचा थेट पुरावा क्वचितच मिळतो. म्हणून आपल्याकडची केस कागदावर उभी राहते, आणि तो कागद पहिल्या दोन दिवसांतच तयार व्हावा लागतो.

पहिली गडबड वेळेची. माणसाला आज सकाळी उचलतात आणि अटक उद्या संध्याकाळची दाखवतात. मधला वेळ "पूछताछ के लिए बैठाया है" या वाक्यात गडप होतो, आणि बहुतेक मार याच वेळात बसतो. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करण्याचा नियम मग कागदावर पाळलेला दिसतो. यावर उपाय म्हणजे आपली वेळ आपणच नोंदवून ठेवणं. नेल्याबरोबर 112 ला फोन करा आणि पोलीस आयुक्तांच्या कार्यालयाला ईमेल पाठवा: नाव, कुठून नेलं, किती वाजता, गाडीचा क्रमांक, सोबत कोण होतं. गल्लीतल्या दुकानदाराला त्याच दिवशी सांगून कॅमेऱ्याचं चित्रण उतरवून घ्या. दुकानांच्या डीव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या यंत्रावर) जुनं चित्रण पंधरवड्यात, फार तर महिन्याभरात पुसलं जातं. मूळ फाइल पेन ड्राइव्हवर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेली प्रत कोर्टात कमजोर पडते.

अटक दाखवली की अटकेच्या मेमोवर नातेवाइकाची किंवा मोहल्ल्यातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू प्रकरणातल्या निकालापासून, म्हणजे 1996 पासून, ही अट आहे. तिथे सही करणाऱ्याने खाली स्वतःच्या हाताने त्या क्षणाची तारीख आणि वेळ घालावी. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या कागदावर सही अजिबात करू नये.

सगळ्यात जास्त केसेस जिथे मरतात ती जागा म्हणजे मुलाहिजा, म्हणजे आरोपीची वैद्यकीय तपासणी. शिपाई आरोपीला इंदूरच्या एमवाय रुग्णालयात किंवा दुसऱ्या सरकारी रुग्णालयात घेऊन जातो, स्वतः टेबलाशी उभा राहतो, डॉक्टर विचारतात "कुछ लगा है?", आरोपी मान हलवतो आणि कागदावर बाहेरून इजा नसल्याचं लिहिलं जातं. हे वाक्य पुढे प्रत्येक न्यायालयात पोलिसांच्या बाजूने वाचलं जातं. डॉक्टर दरवेळी सामील असतात असं मला वाटत नाही. रांग मोठी असते आणि कपडे काढून तपासायला वेळ नसतो. म्हणून वकिलाने भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 53 चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा. त्यात मागावं, की तपासणीच्या वेळी पोलीस खोलीबाहेर राहावेत आणि प्रत्येक जखमेची जागा, सेंटिमीटरमधला आकार, रंग आणि अंदाजे वय लिहावं. रंगाला महत्त्व आहे: मुका मार आधी लाल, मग निळसर, पाचसहा दिवसांनी हिरवट, पुढे पिवळा पडतो आणि साधारण दोन आठवड्यांत दिसेनासा होतो. तळपायावर मारलं तर वरून फारसं दिसतच नाही, तिथे एक्स-रे मागावा. मांड्या आणि कुल्ले बडवले असतील आणि लघवी चहासारखी काळपट होत असेल, तर ती तातडीची गोष्ट आहे. चेचलेल्या स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंड निकामी करू शकतात. रक्त-लघवीची तपासणी लगेच करवा, तीच पुढे पुरावाही होते. अहवालाची प्रत मिळणं हा आरोपीचा हक्क आहे.

रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेट मारहाण झाली का विचारतात, आणि आरोपी बहुधा "नाही" म्हणतो, कारण पुन्हा त्याच ठाण्यात परत जायचं असतं. तोंडी सांगायची भीती वाटत असेल तर वकिलाचा लेखी अर्ज रेकॉर्डवर गेलाच पाहिजे. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक आहे.

कॅमेऱ्यांबद्दल 2020 च्या परमवीर सिंग सैनी निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक ठाण्याच्या प्रवेशद्वारापासून हवालातीपर्यंत कॅमेरे लावायला आणि चित्रण अठरा महिने, कमीत कमी एक वर्ष, जपायला सांगितलं. तरी नेमक्या त्याच रात्रीचा कॅमेरा "खराब" निघतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी तारीख, वेळ आणि ठाण्यातली जागा लिहून चित्रण जपण्याचा अर्ज टीआयला (ठाण्याच्या प्रमुख निरीक्षकाला) आणि आयुक्तांना द्यावा, आवक क्रमांक घ्यावा, आणि तीच मागणी मॅजिस्ट्रेटकडेही करावी. त्यानंतर चित्रण नाहीसं झालं तर जाब पोलिसांना द्यावा लागतो.

फ्लॉइड प्रकरणात वंशाचा प्रश्न होता. आपल्याकडे कोणाला मार बसेल हे पुष्कळदा ठाण्यातल्या निगरानी बदमाशांच्या, म्हणजे पोलीस ज्यांच्यावर नजर ठेवतात त्यांच्या, यादीवरून ठरतं, आणि त्या यादीत पारधी, कंजर, सांसी यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहेत. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण त्यांच्या वस्तीवर रात्री पोलिसांची गाडी जायची थांबली नाही. गुना जिल्ह्यात 2024 मध्ये एका पारधी तरुणाचा कोठडीत मृत्यू झाला. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो तपास राज्य पोलिसांकडून काढून सीबीआयकडे द्यावा लागला. केवळ मागास समाजातला म्हणून कोणाची हिस्ट्रीशीट (पोलिसांकडची गुन्हेगारी नोंद) उघडू नये, असं त्याच न्यायालयाने मे 2024 मध्ये बजावलं आहे. वस्तीतल्या कोणासाठी अर्ज लिहाल तेव्हा याचा उल्लेख जरूर करा. आणि एक लक्षात ठेवा: पारधी मध्य प्रदेशात काही जिल्ह्यांतच अनुसूचित जमातीत मोडतात. अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लावायचं असेल तर आधी जातीचा दाखला पाहा. आपल्या मराठी घरांतून "पोलीस उगाच कशाला मारतील?" असं सहज म्हटलं जातं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या मुलांची नावं त्या यादीत नसतात, म्हणून आपल्याला असं म्हणता येतं.

गुन्हा नोंदवण्याची वाट लांब आहे. ठाण्याने घेतला नाही तर वरिष्ठांना स्पीड पोस्टाने अर्ज, मग प्रतिज्ञापत्रासह मॅजिस्ट्रेटकडे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175 खाली. सरकारी नोकराविरुद्ध असल्याने त्याच्या वरिष्ठांचा अहवाल मागवला जातो. पुढे त्याच संहितेच्या कलम 218 ची मंजुरी, म्हणजे सरकारी नोकरावर खटला चालवायला सरकारची परवानगी, आडवी येते. एकशेवीस दिवसांत निर्णय झाला नाही तर ती मिळाली असं धरतात, म्हणून मंजुरीच्या अर्जाची पोच जपून ठेवा. कबुलीसाठी मारण्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 120 खाली सात वर्षांपर्यंत, गंभीर दुखापत असेल तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अर्जात नुसतं "मारपीट" न लिहिता हे कलम लिहा. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्षाच्या आत जावं लागतं. तो शिफारसच करू शकतो, पण कागद मागवतो, आणि ते कागद पुढे कामी येतात.

तक्रार पुढे सरकू लागली की सरकारी कामात अडथळा आणल्याची उलट केस पडते आणि निरोप येतो, "राजीनामा कर लो," म्हणजे तडजोड करून टाका. करायचा की नाही हे त्या कुटुंबाने ठरवावं, त्यांना तिथेच राहायचं असतं. फक्त ठाण्यात बसून सही करू नका. कागद घरी आणा, वकिलाला वाचू द्या, आणि उलटी केस मागे घेतल्याचं लेखी हातात आल्याशिवाय आपली तक्रार सोडू नका.