सेकंड धरून ठेव रे

लहानपणी कोयनानगरहून चिपळूणला मामाकडं जायचं तर वडाप, म्हणजे माणशी पैसे घेणारी जीप, आणि वडापमध्ये माझी जागा ठरलेली, पुढं, गिअरच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून. कुंभार्ली घाट सुरू झाला, ड्रायव्हर काकांनी ॲक्सिलेटर सोडला की खाडकन सेकंड गिअर उडायचा आणि गाडी न्यूट्रलमध्ये. मग ते सीटखालून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढून दांडा मागं बांधायचे, आणि पट्टी सापडली नाही तर मला, "बाळा, मागं ओढून धर रे जरा". मी आख्खा घाट दातओठ खाऊन धरायचो.

त्यामुळं गिअर हातानंच धरलेला असतो असं डोक्यात पक्कं बसलेलं, ते गेलं परवा, गाडीचा गिअरबॉक्स खोलला तेव्हा. मुळात आतली चाकं एकमेकांपासून सुटतच नाहीत हो (रिव्हर्सचं जरा वेगळं), सगळ्या जोड्या कायम एकमेकांत अडकून फिरत असतात, आपण दांडा हलवतो तेव्हा फक्त एक कडं सरकून त्यातल्या एका चाकाला शाफ्टशी जोडतं, बस. आणि ते कडं जागेवर कसं राहतं तर एक एवढीशी गोळी, मागं स्प्रिंग, ती खाचेत पडते. हाताला लागतं ते "खट" तिचंच. पण मिस्त्री म्हणाले गोळी कसली धरतेय इंजिनाला, हे बघा, आणि माझं बोट धरून कड्याच्या छोट्या दात्यावरनं फिरवलं. दाता सरळ नव्हताच, मुळाकडं किंचित निमुळता, जेमतेम तीन-चार अंश असेल. समोरच्या चाकाचे दातेही तसेच. त्यामुळं इंजिन जोर लावतं तसं कडं बाहेर न येता आतच ओढलं जातं, निरगाठीसारखं, ओढाल तितकं घट्ट.

हे दाते झिजून गोल झाले की संपलं. उतारावर इंजिन गाडीला ओढायच्या ऐवजी गाडीच इंजिनाला ओढते, जोर दात्याच्या दुसऱ्या अंगावर येतो, ते अंग गुळगुळीत असलं की कडं घसरून बाहेर. बिचारी गोळी एकटी काय करणार.

"आणि दांड्यावर हात ठेवून चालवू नका, कडं सरकवणारा आतला फोर्क घासतो," असंही ऐकवलं. ती सवय कुठून लागली हे त्यांना कुठं सांगत बसू.

म्हणजे कुंभार्लीत झिजलेल्या दात्यांचं काम खरंच मी करत होतो की! आणि काका माझं हाफ तिकीट मात्र दर वेळी घ्यायचे.